गाडीची चाके बदलण्यापूर्वी



धानाचे चुकारे हाती आले की घरात खर्चाची यादी निघते. सोसायटीचे कर्ज, पोरांची फी, विहिरीवरची मोटर, एखादे लग्नकार्य. ज्या घरी चारचाकी आहे त्या घरच्या यादीत आणखी एक ओळ हळूच येऊन बसते. तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, गाडीला मॅगव्हील टाकू, टायर रुंद घेऊ आणि मागचे पाटे वाढवून गाडी थोडी उंच करू." वडील म्हणतात, "आहे त्या चाकांना काय झाले?" मग वाद वाढतो. खरे म्हणजे काय बदलले असता काय होते, हे दोघांनाही कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. दुकानदार सांगतो ते विकण्यापुरते असते.

तेव्हा आज आपण हाच विषय घेऊ. हा पुरुषांचा विषय म्हणून भगिनींनी हे पान उलटू नये. लेकराला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर आपणच बसतो. अपरात्री सुनेला बाळंतपणासाठी भंडाऱ्याला न्यावे लागले, तर त्या वेळी सगळ्यांचा जीव या चार चाकांवरच असतो.

पवनी तालुक्यातील कोंढा गावचे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर धरा. घरी जुनी घेतलेली बोलेरो आहे. तिच्यातून अड्याळ, पवनी, भंडारा अशी डांबरी सडकेची ये-जा होते. शेतावर जायचे तर पांदण. आषाढ-श्रावणात कन्हार जमिनीचा चिखल चाकाला असा बिलगतो की टायरची नक्षीच दिसेनाशी होते. उन्हाळ्यात तीच पांदण दगडासारखी टणक आणि खाचखळग्यांची. गाडीत कधी सात माणसे, कधी खताच्या गोण्या. या कुटुंबाने काय घ्यावे आणि काय टाळावे, ते क्रमाने पाहू.

चाकाचा धडा आपल्याला नवा नाही

जसे काम तसे चाक, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. लाकडी चाकाच्या बंडीला लोखंडी धाव असे. चाक उंच असल्यामुळे ते खाचेतून निघे. पण धाव अरुंद, म्हणून ओल्या जमिनीत रुते आणि सडकेला चिरे पाडी. पुढे रबरी टायरची बंडी आली. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि महाराष्ट्रात कित्येक गावी टायरच्या बैलगाडीलाच लोक 'डनलॉप' म्हणू लागले. सडकेवर तीच बंडी बैलांना हलकी जाऊ लागली. पण बाभळीचा काटा टोचला की पंक्चर, ही नवी कटकटही तिच्याबरोबर घरी आली. एक सोय घेतली की एक अडचण पदरी येते, हे चाकाच्या बाबतीत तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

ट्रॅक्टरचे उदाहरण तर रोजचेच. रोवणीआधी बांधीत चिखलणी करताना आपण लोखंडी केजव्हील लावतो. ते लावून पवनीच्या बाजाराला कोणी जात नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण हा विचार विसरतो आणि चित्रातले चाक पाहून भुलतो.

टायरवर लिहिलेले वाचायला शिका

टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे माप असते. याचा अर्थ सोपा आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

त्यापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते. या आकड्याकडे बहुतेक लोक पाहतच नाहीत, पण कुटुंबाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. तो टायरची वजन पेलण्याची क्षमता सांगतो. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो. ७४ असेल तर ३७५ किलो. पुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. नवा टायर घेताना वजनाचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा, हा नियम गाठीला बांधावा. दिसायला रुंद आणि रुबाबदार टायरचा हा आकडा कधी कधी मूळ टायरपेक्षा कमी असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे टायरचे वय. लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नक्षी कोरी असली तरी आतून कडक होतो. स्वस्तात मिळतो म्हणून तो घेऊ नये.

चौथी गोष्ट झीज. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली म्हणजे खाच फक्त १.६ मिलिमीटर उरली. तो टायर संपला असे समजावे. पावसाळ्यात तर त्याच्या आधीच बदललेला बरा, कारण सडकेवरचे पाणी बाजूला सारण्याचे काम या खाचाच करतात.

मोठे चाक घातले तर नेमके काय होते?

कोंढ्याच्या आपल्या कुटुंबातील मुलाला २१५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर हवा आहे. हिशेब करून पाहू. मूळ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. नव्याचा भरतो सुमारे ७३४. म्हणजे व्यास ३० मिलिमीटरने वाढला. पण गाडी जमिनीपासून किती उंच झाली? फक्त १५ मिलिमीटर, कारण वाढीचा निम्मा भाग आसाच्या वर जातो आणि निम्माच खाली येतो. पांदणीच्या दगडापासून दीड सेंटिमीटरचे अंतर मिळाले, एवढाच लाभ.

आता खर्चाची बाजू पाहा. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठे झाले. वेगाचा काटा आता तेवढाच कमी वेग दाखवू लागतो. मोठ्या चाकामुळे इंजिनाचा जोर जमिनीपर्यंत पोहोचताना तेवढाच कमी पडतो. म्हणजे चिखलातून निघायला ज्या जोराची गरज, तोच आपण घालवला. ब्रेकलाही चाक थांबवायला जास्त ताकद लागते. शिवाय गाडी भरलेली असताना स्टिअरिंग पूर्ण वळवले तर टायर मडगार्डला किंवा आतल्या भागाला घासू शकतो. दुकानात रिकामी गाडी उभी असते तेव्हा हे कळत नाही. सात माणसे बसवून खड्ड्यात गेल्यावर कळते.

रुंद टायरबद्दलही एक गैरसमज आहे. मऊ रेतीत रुंद टायर कमी रुततो, हे खरे. पण आपल्याकडे वर पातळ चिखल आणि खाली टणक थर अशी जागा असते. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला पकडतो आणि रुंद टायर वरच घसरत राहतो. डांबरी सडकेवर पाणी साचले असेल तर वेगात असताना रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

दुसरा प्रकार म्हणजे रिम मोठे आणि टायर चपटा. त्याच गाडीला १७ इंची रिमवर २३५/६० टायर बसवला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, साधारण ७१४ मिलिमीटर. पण टायरच्या भिंतीची उंची १६१ वरून १४१ वर येते. दगड आणि रिम यांच्यामधले रबर दोन सेंटिमीटरने कमी झाले. गुळगुळीत महामार्गावर हे चालून जाईल. पांदणीच्या खाचेत रिमच वाकते, आणि धक्का थेट माणसाच्या मणक्यापर्यंत पोहोचतो.

मग चिखलासाठी काहीच करू नये का? करावे. मूळ मापातच जाड नक्षीचा टायर मिळतो. सडक आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी बनवलेल्या या प्रकाराला दुकानात ए.टी. म्हणतात. थोडा आवाज करतो, पण पांदणीला उपयोगी पडतो. निव्वळ चिखलासाठीचा एम.टी. टायर मात्र ओल्या डांबरावर तितका भरवशाचा नसतो. आपले बहुतेक अंतर डांबरावरच कापले जाते, हे विसरू नये. चारही टायर एकाच बांधणीचे असावेत. निदान एका आसावरचे दोन टायर तरी माप, नक्षी आणि झीज या तिन्ही बाबतींत जोडीचे हवेत. बैलजोडी जोपतो तशी ही जोडी जोपावी.

लोखंडी रिम की अलॉय?

अलॉयचे चाक म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. चांगल्या बनावटीचे, मूळ मापाचे अलॉय हलके असते, दिसायला देखणे असते आणि गंजत नाही. पण अलॉय म्हटले की हलके असतेच असे नाही. मोठ्या मापाचे स्वस्त अलॉय मूळ लोखंडी चाकापेक्षा जड निघू शकते.

खरा फरक पडतो तो मार बसल्यावर. लोखंडी रिमची कड खड्ड्यात वाकली तर गावातला कारागीर ती ठोकून बऱ्यापैकी सरळ करतो. अलॉयला जोराचा मार बसला की तडा जातो. ट्यूबलेस टायर असेल तर त्या तड्यातून हवा जात राहते. काही ठिकाणी असा तडा वेल्डिंग करून देतात. तसले चाक कधीही वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागची धातूची ताकद कमी होते आणि चाक पुन्हा तिथेच फुटते, तेही चालत्या गाडीत. जुन्या बाजारातले रंग मारलेले अलॉय घेताना आतल्या बाजूने उजेडात नीट पाहावे. रंगाखाली काय दडले आहे, हे बाहेरून कळत नाही.

ज्याची गाडी रोज पांदणीने जाते त्याने लोखंडी रिमच ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याचा प्रवास बहुतांशी डांबरी सडकेवर आहे आणि ज्याला हौस करायची आहे, त्याने गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापाचे अलॉय घ्यावे.

चाक 'बसते' म्हणजे काय?

दुकानदार म्हणतो, "बसते साहेब." नट आवळले गेले म्हणजे चाक बसले असे नव्हे. पुढील चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, नटांच्या भोकांची संख्या आणि त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. दुकानात याला पी.सी.डी. म्हणतात. तो तंतोतंत जुळला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाचे चाक ओढूनताणून बसवले तर बोल्टवर तिरका ताण येतो.

दुसरी, मधले भोक. ते आसाच्या हबवर घट्ट बसायला हवे. सैल असेल तर मापाची कडी घालावी लागते, नाही तर चाक थरथरते.

तिसरी, ऑफसेट, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती सरकलेले आहे ते. चाके बाहेर आली की गाडी रुंद आणि दिमाखदार दिसते. पण वजन बेअरिंगपासून लांब पडते आणि बेअरिंग लवकर खराब होते. बंडीचे चाक आसाच्या टोकाकडे सरकले तर आसावर किती ताण येतो, हे आपल्याला सांगायला नको.

चौथी, नट. लोखंडी रिमचे नट अलॉयला चालतीलच असे नाही. नटाची बैठक चाकाच्या बैठकीशी जुळली पाहिजे. नवे चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की सगळे नट पुन्हा आवळून घ्यावेत. हे काम विसरले जाते आणि चाक निखळते.

याशिवाय रिमवर कोरलेली वजनाची क्षमता पाहावी. मागच्या आसावर १२०० किलो येणार असतील तर प्रत्येक चाक निदान ६०० किलो पेलणारे हवे, आणि वर थोडी शिल्लक हवी. क्षमता कोरलेलीच नसेल तर ते चाक दुकानातच राहू द्यावे. स्टेपनीही बाकीच्या चाकांच्या मापाचीच असावी.

पाटे आणि शॉकअप : दोघांची कामे वेगळी

पाटे असोत की गुंडाळीची स्प्रिंग, तिचे काम गाडीचे वजन तोलून धरणे आणि खड्ड्याचा धक्का झेलणे. पण दाबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते. ती उसळी थांबवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. गॅरेजात त्यालाच शॉकअप म्हणतात. त्याच्या आत तेल असते आणि ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना उसळीचा जोर जिरतो.

गाडी फार उसळते, वळणावर डुलते, अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजात जातो आणि एक पाटा वाढवून येतो. दुखणे शॉकअपचे आणि औषध पाट्याला, असा हा प्रकार. गाडीचा एक कोपरा हाताने जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिरावली तर शॉकअप ठीक आहे. दोन-तीन वेळा झुलत राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर तो संपला. टायर मधून मधून खड्डे पडल्यासारखा झिजत असेल तर तीही त्याचीच खूण. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. त्याच वेळी रबरी बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि बॉलजॉइंट तपासून घ्यावेत. पुष्कळदा खडखडाट असतो तो दहावीस वर्षांच्या झिजलेल्या बुशचा. बुश बदलले की गाडी पुन्हा सुधारते.

पाटा वाढवल्याने काय होते? रिकामी गाडी दगडासारखी कडक होते. खडबडीत रस्त्यावर मागची चाके उड्या मारतात आणि हवेत असलेले चाक ना रस्ता पकडते ना ब्रेक. गाडीची मागची बाजू उंच झाली की हेडलाइटचा उजेड जवळच पडतो. काही गाड्यांत मागच्या आसाजवळ एक झडप असते. गाडी वजनाने किती खाली बसली आहे हे पाहून ती मागच्या ब्रेकला जोर देते. पाटा वाढवून गाडी उचलली की झडपेला वाटते, गाडी रिकामी आहे. मग भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. ही गोष्ट पुष्कळ कारागिरांनाही ठाऊक नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पाटा वाढवला म्हणून वजन वाहण्याची क्षमता वाढत नाही. आस तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायरही तेच. युरियाची गोणी ४५ किलोची, धानाचा कट्टा ४० किलोचा. सहा गोण्या आणि चार माणसे यांचे वजन कागदावर मांडा आणि गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहा. त्याहून जास्त न्यायचे असेल तर ट्रॉली सांगावी.

छोट्या मोटारींच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर घालण्याची टूम निघाली आहे. त्याने गाडी थोडी उचलल्यासारखी वाटते. पण रबर ज्या वेढ्यात अडकते तो वेढा काम करीत नाही आणि त्याचा भार बाकीच्या वेढ्यांवर पडतो. स्प्रिंग बसली असेल तर मूळ मापाची नवी स्प्रिंग टाकणेच शहाणपणाचे. गाडी उंच केल्याने तिचा तोलही वर जातो, आणि समोर अचानक गुरे आली असता झटक्याने वळवताना ती कलंडण्याची भीती वाढते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाबद्दल मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कंपनीने त्या मॉडेलसाठी ठरवलेल्या मापांपैकी चाक घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. त्यापलीकडचे काही मनात असेल तर आधी आर.टी.ओ. कचेरीत विचारावे.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर दाव्यावर वाद उभा राहतो. घरातला माणूस दवाखान्यात आणि कागद कंपनीत अडकलेला, ही वेळ कोणावर येऊ नये.

पैसा कोणत्या क्रमाने खर्चावा?

सर्वांत आधी हवा. त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर हवेचे प्रमाण लिहिलेले असते. भरलेल्या गाडीचे वेगळे, रिकाम्या गाडीचे वेगळे. सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी. कमी हवेचा टायर आतून तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो.

त्यानंतर ब्रेक, बुश आणि शॉकअप. मग मूळ मापाचे चांगले टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगसह. नंतर बसलेले पाटे किंवा स्प्रिंग मूळ मापात बदलणे. एवढे सगळे झाल्यावर पैसा उरला आणि घरातल्या सगळ्यांची संमती असली, तर मूळ मापाचे अलॉय. हौसेलाही संसारात जागा असते. फक्त ती रांगेत शेवटी उभी राहावी.

मुलाने हट्ट धरला तर त्याला रागावू नका. त्याच्या हाती टेप द्या आणि आपल्या गाडीचे टायर, रिमचे माप आणि वजनाचा आकडा वहीत लिहून काढायला सांगा. मग बापलेकांनी दोघांनी मिळून दुकानात जावे आणि ती वही दुकानदारासमोर ठेवावी. रोवणी सुरू होण्याच्या आत, पांदण कोरडी असतानाच, हे काम उरकून घ्यावे.